सलग अकरा विजय

१ जून, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून शिस्त. वृद्धांच्या औषधांवरचा सहा मॉड्यूलचा ऑनलाइन कोर्स तीस तारखेच्या आत पास व्हायचाय, नाहीतर माझा सहीचा अधिकार काढून घेणार म्हणे. या शुश्रूषा केंद्रात बावीस वर्षं मी फार्मासिस्ट आहे. एकशे दहा म्हाताऱ्यांच्या गोळ्या मला तोंडपाठ आहेत, आणि आता मला शिकवणार. असो. रोज एक मॉड्यूल. शनिवारी मोकळा.
मोठ्या सिस्टरही तोच कोर्स करतायत. त्यांनी त्यासाठी नवी वही आणलीय. मला वहीची गरज नाही.
दुपारी टेलरकाकांशी बुद्धिबळ. जिंकलो. सलग आठवा विजय.

३ जून, बुधवार
सोमवारी साठा मोजायचा होता. काल डोकं दुखत होतं. आज एका दमात दोन मॉड्यूल्स केली, व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून, शेजारी पाकिटं भरत. पास व्हायला दहापैकी आठ लागतात. दोन्हीत बरोबर आठ मिळाले. सिस्टरना दोन्हीत दहा. पुस्तकी लोकांचं असंच असतं.

५ जून, शुक्रवार. दुपारी ४
नववा विजय. इथे नोंदवून ठेवतो, कारण घरी कोणाला कौतुक नाही. टेलरकाका म्हणजे खोली चौदा, वय एक्याऐंशी, पन्नास वर्षं शिवणयंत्रावर काढलेली. या माणसाने दोन वर्षं मला एक डाव जिंकू दिला नव्हता. वर रोज सांगायचे की तुमच्या शर्टाची डावी बाही एक बोट लांब आहे. एप्रिलपासून माझा खेळ असा काही बहरलाय की काकांना उत्तरच सापडत नाही. आज त्यांनी हत्ती तिरका चालवला. मी सांगितल्यावर माझ्याकडे बघत राहिले आणि माप द्यायला आलात का, असं विचारलं. मधेमधे पाणी पिण्यात फार वेळ घालवतात. प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करण्याची जुनी युक्ती.
बाहीबद्दल महिनाभर काही बोलले नाहीत. शर्ट आता नीट बसत असावा.

८ जून, सोमवार
काकांची मुलगी आली होती. कोणाच्या लग्नाचे कपडे न्यायला आलीस, असं काकांनी तिला विचारलं. ती कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिथून जात होतो, पण अशा वेळी काय बोलायचं ते कोणत्याच मॉड्यूलमध्ये नाही.
ठरलंय असं: शुक्रवारी, १९ तारखेला, काकांना तिसऱ्या मजल्यावर हलवणार. तो विस्मरण झालेल्यांचा वॉर्ड. दार नंबर दाबल्याशिवाय उघडत नाही. तिथे कात्री चालत नाही, म्हणजे काकांची उशाखालची जुनी कात्री गेली. बुद्धिबळाच्या सोंगट्याही चालत नाहीत, कोणी गिळेल म्हणून. तिथून खाली परत आलेला माणूस मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही.
फॉर्मवर तीन सह्या लागतात. डॉक्टर, मुलगी आणि मी. माझ्या सहीच्या जागेच्या वर छापलेलं असतं: हा गोंधळ औषधांमुळे नाही, याची मी खात्री केली आहे.
मला वाईट वाटलं. ऐन भरात असताना जोडीदार जाणार.

११ जून, गुरुवार
सही केली. सिस्टरनी विचारलं, फाइल उघडून पाहिली का. मी म्हटलं, फाइल माझ्या डोक्यात आहे. रक्तदाबाची गोळी. तिने पाय सुजले म्हणून पाणी काढायची गोळी. त्यामुळे बाथरूमपर्यंत पोचेनात, म्हणून लघवी आवरायची गोळी. ही तिसरी तर मीच सुचवली होती, एप्रिलमध्ये, आणि डॉक्टरांनी सर्वांदेखत मान डोलावली होती. तेव्हापासून एक चादर ओली नाही. सगळं कसं शिस्तीत.
सिस्टर म्हणाल्या, फॉर्म दोन दिवस माझ्याकडे राहू दे. राहू दे. नसत्या उठाठेवी करायची सवयच आहे त्यांना.

१३ जून, शनिवार
तिसरं मॉड्यूल. दहापैकी चार. एकूण तीनदा देता येते परीक्षा, त्यातली एक गेली.
दोष प्रश्नांचा आहे. उदाहरणार्थ प्रश्न सात. एक म्हातारी. रक्तदाबाची गोळी, मग पाय सुजले, मग पाण्याची गोळी, मग लघवी आवरेना, मग त्यावर गोळी. आता तोंड कोरडं पडतं आणि माणसं ओळखत नाही. पुढे काय कराल? मी ‘बंद वॉर्डात हलवू’ वर टिक केली. चूक म्हणे. प्रश्न काढणारा आयुष्यात वॉर्डात उभा राहिलेला नसणार.

१५ जून, सोमवार
दुसरा प्रयत्न. पाच. प्रगती आहे. प्रश्न सातला या वेळी ‘स्मरणशक्तीची गोळी सुरू करू’ वर टिक केली. तेही चूक.
घरी ही मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, हे तर तुमच्या टेलरकाकांसारखंच आहे. मी तिला समजावलं की प्रश्नात बाई आहे. ती आत गेली. पटलं असावं.
दहावा विजय.

१६ जून, मंगळवार. संध्याकाळी ५
सिस्टर दुकानावर, म्हणजे माझ्या खिडकीवर, आल्या. कोर्सचं शेवटचं काम म्हणून एका रुग्णाचा सगळा क्रम एका पानावर मांडायचा असतो. कोणती गोळी कधी आणि कशासाठी, आणि त्यानंतर काय झालं. त्यांनी काकांना घेतलंय. गोळ्यांच्या तारखा मिळाल्या. पण गोंधळ नेमका कधी सुरू झाला, ते कुठेच नाही. नोंदवहीत रोज एकच वाक्य: शांत, झोप बरी. मुलगी म्हणते हळूहळू झालं. आणि डॉक्टर म्हणतात, तारीख नसेल तर हे वयामुळे आहे, मी गोळी थांबवणार नाही. परवा ते येतील, नंतर शुक्रवार.
त्यांनी सरळ विचारलं, रोज समोर तुम्ही बसता, कधी बदलले ते? मी म्हटलं, बदललेत कुठे, माझा खेळ सुधारलाय. सिस्टर वही मिटून निघून गेल्या.
त्याआधी अकरावा विजय. काकांनी वजीर माझ्या प्याद्यासमोर नेऊन ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले. मी वजीर घेतला. का कोण जाणे, आनंद झाला नाही. ॲसिडिटी असावी.

१७ जून, बुधवार. सकाळी ६.३०
शेवटचा प्रयत्न द्यायला बसलोय. आधी उमेद यावी म्हणून ही रोजनिशी मागे चाळली. विजय क्रमांक एक: २४ एप्रिल.
त्याच्या आधीचं पान: २० एप्रिल. ‘लघवी आवरायची गोळी सुचवली. डॉक्टर खूश. काकांना आजपासून सुरू. माझ्यासारखा फार्मासिस्ट मिळायला नशीब लागतं.’
६.५०. चार दिवस. योगायोग असू शकतो.
७.१५. विजय दोन: काकांनी दोनदा पाणी मागितलं. विजय तीन: उंट आणि घोड्यात गल्लत. विजय पाच: माझं नाव विचारलं. सगळं तारखेनिशी, माझ्याच अक्षरात.
७.४०. काकांना मी हरवत नव्हतो. माझी गोळी हरवत होती.
८.०५. लाज वाटते. चहा गेला नाही.
८.३०. ही पानं कोणी पाहिलेली नाहीत. फाडली तर फाडली. बावीस वर्षांचं नाव आहे माझं.
परीक्षा दिली नाही.

१८ जून, गुरुवार
तारखा कोऱ्या कागदावर उतरवून द्यायच्या असं ठरवलं होतं. डॉक्टर लवकर आले. कागद अर्धाच झालेला. शेवटी रोजनिशीच सिस्टरच्या हातात दिली आणि फक्त एप्रिल-मे बघा म्हटलं. त्यांनी डॉक्टरांसमोर वाचून दाखवलं, माझ्या शेऱ्यांसकट. ‘वजीर फुकट मिळाला. माझ्यापुढे आता कोणी टिकणार नाही.’ काकांची मुलगी तिथेच होती. डॉक्टर टेबलाकडे बघत होते. मी छताकडे.
ती गोळी आजपासून बंद. रक्तदाबाची बदलली. पण तिसरा मजला रद्द नाही, फक्त दहा दिवस पुढे. २९ ला फरक नसेल तर हलवणार. माझी सही मी स्वतः खोडली.
मुलगी काकांच्या खोलीकडे निघून गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.
शोध तसा मीच लावला म्हणायचा.

२२ जून, सोमवार
चार दिवस झाले, फरक शून्य. दोनदा चादर ओली, चादरी बदलणाऱ्या मावशींनी मला ऐकवलं. पट मांडायची हिंमत होत नाही. खोली चौदावरून दिवसातून सहा वेळा जातो. सिस्टर म्हणाल्या, येरझाऱ्या घालून औषध शरीरातून लवकर जात नाही.

२५ जून, गुरुवार
पाण्याचा जग दुपारीही अर्धा भरलेला होता, एरवी सकाळी दहालाच रिकामा होतो. मी तीनदा पाहिला.
काकांनी उशाखालची कात्री मागितली. दिली. अंगठ्याने धार पाहिली आणि विचारलं, हिने कागद कोणी कापले. मे महिन्यात लेबलं कापायला मीच नेली होती. मी म्हटलं, कल्पना नाही.
कॉरिडॉरमधून शीळ घालत परत आलो. आनंदाने.

२७ जून, शनिवार
तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. प्रश्न सात: ‘कोणती गोळी कशासाठी सुरू झाली ते तारखांच्या क्रमाने मागे जाऊन पाहू.’ दहापैकी नऊ. उरलेली तीन मॉड्यूल्स, शेवटच्या कामासकट, दुपारपर्यंत केली, वही घेऊन. ही वही सिस्टरनी दिली. त्यांच्याकडे म्हणे एक जास्तीची होती.

२९ जून, सोमवार. संध्याकाळी ६
सकाळी डॉक्टरांनी काकांना तारीख, वार, मुलीचं नाव विचारलं. काकांनी सगळं सांगितलं आणि डॉक्टरांच्या कोटाचं अस्तर उसवलंय हेही सांगितलं. तिसरा मजला रद्द. मुलगी पुन्हा भिंतीकडे तोंड करून रडली. या वेळी मी थांबलो.
दुपारी काकांनीच पट मागवला. मी पूर्ण तयारीने बसलो. पंचवीस मिनिटं विचार केला. चौदा चालींत माझ्यावर मात.
सोंगट्या आवरताना काकांनी विचारलं, मधे आपण खेळलो होतो का हो? काही आठवत नाही.
मी म्हटलं, नाही काका. तुम्हाला बरं नव्हतं.
मग म्हणाले, तुमच्या शर्टाची डावी बाही एक बोट लांब आहे.
घरी येऊन मोजली. बरोबर एक बोट.