मुकं घुंगरू

आप्पा, तुमच्या बैलाची घुंगरमाळ मी विकली. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला जरा बळ येईल.

विकली तीही बाजारात नाही, कॉम्प्युटरवर. तुम्ही गेल्यापासून जालन्यात आमच्या दोन खोल्यांत ती खिळ्याला लटकून होती. मी शिकवते त्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाई म्हणाल्या, शहरातली माणसं असल्या पितळी वस्तू दाराला लावायला हौसेनं घेतात, लिलावाच्या साइटवर टाका. तुम्ही जन्मभर भोकरदनच्या बैलबाजारात दलाली केलीत, म्हणून हा प्रकार तुम्हालाच सांगावासा वाटतो. विकणाऱ्यानं वस्तूचा फोटो टाकायचा, खाली माहिती लिहायची, सुरुवातीची किंमत ठेवायची. मग सात दिवस बोली चालते. घेणारा आपली शेवटची किंमत कॉम्प्युटरला गुपचूप सांगून ठेवतो. दुसरा कोणी वर गेला की कॉम्प्युटरच त्याच्या वतीनं जरा जरा वाढवत राहतो, पण तो शेवटचा आकडा कोणाला कळू देत नाही. हे वाचून मी एकटीच हसले. तुम्ही रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदा करायचात आणि भोवती उभ्या माणसांना काही म्हणजे काही कळायचं नाही. तुमचाच रुमाल की हा! शेवटी पैसे आले की माल कुरिअरनं पाठवायचा, आणि घेणाऱ्यानं विकणाऱ्याविषयी दोन ओळी लिहायच्या. पुढचं गिऱ्हाईक त्या ओळी वाचूनच भरवसा ठेवतं.

तुमच्यावर लोक न वाचताच भरवसा ठेवायचे. का, ते मला दहाव्या वर्षी कळलं. आपला स्वतःचा तांबडा बैल विकायचा होता आणि मी हट्ट करून सोबत आले होते. बैलाच्या गळ्यात हीच माळ. धावड्याचा एक शेतकरी रुमालाखाली तुमचा हात धरून उभा आहे, सौदा जमत आलाय, आणि तो सहज माझ्याकडे वळून विचारतो, "काय गं पोरी, मारतो का ह्यो?" मी चटकन म्हणाले, "न्हाई." तुम्ही तिथल्या तिथं हात बाहेर काढलात. "मारतो. पोरगी खोटं बोलली. खोड आधी सांगायला पाहिजे व्हती, माझंच चुकलं." तो माणूस निघून गेला. आपल्या केदारखेड्यापर्यंत आपण बैलामागं चालत आलो. अर्ध्या वाटेत मी रडत म्हणाले, "मी तुमच्यासाठीच बोलले ना!" तुम्ही थांबलात. "माह्यासाठी? मंग उद्या बैलानं त्याच्या लेकराला शिंग मारलं, तेबी माह्यासाठीच का?" आणि बैल हाकत पुढं चालू लागलात. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

माळेतलं एक घुंगरू मुकं होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. आतला खडा कधीच पडून गेला होता. फोटोत आवाज दिसत नाही. मी माहितीत लिहिलं, 'जुनी, उत्तम स्थितीत.' सातव्या दिवशी बोली भराभर चढत होती आणि मी शाळेतून धावत येऊन स्क्रीनसमोर बसले होते. पैशाची नड नव्हती हो. तुमच्या वस्तूची किंमत वाढताना बघून नुसतं भरून येत होतं. तेवढ्यात पुण्याच्या एका बाईंचा प्रश्न आला: सगळी घुंगरं वाजतात ना?

मी लिहिलं, हो.

माळ त्यांनाच गेली. आठवड्यानं त्यांच्या दोन ओळी आल्या: वस्तू सांगितली तशीच, विक्रेती अगदी प्रामाणिक. त्यांनी एकेक घुंगरू थोडंच हलवून पाहिलं असेल. त्या ओळी अजून तिथंच आहेत, कोणीही वाचाव्यात. कॉम्प्युटरच्या बाईंनी तर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवल्या आणि मी मान खाली घालून वह्या तपासत राहिले.

पुण्याच्या बाईंचा पत्ता माझ्याकडे आहे. खरं म्हणजे हे पत्र त्यांना लिहायला बसले होते, आप्पा. वर तुमचं नाव घातलं, कारण तुम्हाला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकावं लागत नाही.