हिरवा ठिपका

३ मार्च, सोमवार

नेट बंद. म्हणजे बाबांच्या खोलीत चालू आणि माझ्या खोलीत बंद! एका बाईच्या अपघाताचा दावा अर्धा तपासून झाला होता. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातला माझा हिरवा ठिपका करडा झाला. करडा म्हणजे मी जागेवर नाही. माणूस मेला की चहा प्यायला गेला, विमा कंपनीला फरक नाही. ठिपका सारखाच.

बाबांना विचारलं. "माझ्याकडे येतंय की," एवढंच म्हणाले आणि टीव्ही बघत राहिले. आवाज पूर्ण बंद. हल्ली नुसती चित्रं बघतात, माझ्या कामात अडथळा नको म्हणून. तेवढं तरी सुख आहे.

संध्याकाळी आपोआप सुरू झालं की मीच काहीतरी दाबलं, कोण जाणे. दावा तसाच राहिला.

४ मार्च, मंगळवार

आज दुपारी पुन्हा. दादाला फोन केला. "बंद करून परत चालू कर." केलं. "वायर हलवून बघ." बघितली. "मग काही कळत नाही बुवा." उंटावरून शेळ्या हाकण्यात याचा हात कोणी धरणार नाही!

आमच्या घरची गोमच वेगळी. इतरांकडे एक डबा असतो, त्यातून सगळ्यांना नेट मिळतं. आमच्याकडे बाहेरची लाइन आधी बाबांच्या कॉम्प्युटरला. त्याच्या पाठीमागून दुसरी वायर निघते आणि भिंतीच्या कडेकडेने माझ्या खोलीत येते. मी शाळेत होते तेव्हा बाबांनी स्वतः टाकली ती. जन्म टेलिफोन खात्यात गेला, वायर बोटभर वाकडी गेली तरी त्यांना घास गोड लागत नसे. लाइन त्यांच्याकडून गेली की पोरांवर लक्षही राहायचं. पुढे कॉम्प्युटर बदलले, वायर तीच. डबा घेऊ म्हटलं की ठरलेलं उत्तर – "लाइन माझ्याकडून जाईल!"

मोबाइलचं नेट जोडून पाहिलं. कंपनीचं पान उघडेचना. सुरक्षितता म्हणे!

५ मार्च, बुधवार

वायरवाला आला. दहा मिनिटांत शोधून काढलं. बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी आत एक ओळ आहे – या कॉम्प्युटरवरून इतरांना इंटरनेट वापरू द्यावं का. तिच्यापुढे छोटा चौकोन. चौकोनात टिक असली तर मला नेट, नसली तर नाही. टिक गेली होती. त्याने केली, इकडे ठिपका हिरवा! मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"मशीन म्हातारं झालंय ताई. सांगितलेलं विसरतं."

बाबा दारातून म्हणाले, "माझं मशीन काही विसरत नाही!" चांगलेच चिडले होते. मग वायरवाल्याला म्हणाले, "आणि जरा हळू बोला. घरात काम चालू असतं."

६ मार्च, गुरुवार

ये रे माझ्या मागल्या. तीनच्या सुमाराला ठिपका करडा, चौकोन रिकामा. टिक केली, परत येऊन बसले, तोवर ऑफिसातल्या मॅडमचा फोन. आवाज चढवत नाहीत त्या, तेच वाईट. "घरून काम ही सवलत आहे, हक्क नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत बघते. नाहीतर सोमवारपासून ऑफिसला या."

मी ऑफिसला गेले तर दिवसभर बाबांजवळ कोण? गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. दादाने तर जागाही बघून ठेवली आहे. "चांगली आहे गं, बाग आहे, डॉक्टर आहे. कधीतरी विचार करावाच लागेल." बाग! बाबांना बागेत बसवून हा मोकळा.

डॉक्टरांना मी सांगितलंय – वयोमानाने होतं तेवढंच, बाकी ठीक. आणि ठीकच आहेत. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

७ मार्च

दोनदा टिक केली. डोकं ठणकतंय.

८ मार्च, शनिवार

वायरवाल्याने कॉम्प्युटर उघडून आतली बटणाएवढी बॅटरी बदलली. ती संपली की मशीनच्या लक्षात राहत नाही म्हणे. तासभर उचकापाचक. बाबा शेजारी उभे, प्रत्येक स्क्रू मोजून परत घेतला त्यांनी. मला हसू आलं. कामाच्या वेळी यांचा हात अजून कसा स्थिर आहे!

माझ्या टेबलावर दोन पेन्सिली ठेवलेल्या दिसल्या, सुईसारखी टोकं काढलेल्या. मी पेन्सिल शेवटची कधी धरली आठवत नाही. विचारलं तर म्हणाले, "असू देत. दोन हव्यात, एक मोडली तर?" म्हटलं बरं.

९ मार्च, रविवार

सुट्टी. दुपारभर झोपले. नेट चालू होतं की नाही, बघितलंसुद्धा नाही.

१० मार्च, सोमवार

बॅटरी नवी आणि टिक गायब! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. इतके दिवस बॅटऱ्या आणि वायरी बदलतोय, मूळ दुखणं ते म्हातारं मशीनच. आज डबा मागवून टाकला. शुक्रवारी येईल, वायरवाला त्याच दिवशी बसवून देतो म्हणाला.

बाबांना सांगितलं आणि भडका उडाला. "कशाला हवाय? माझ्या घरात डबा नको!" मीही तोंड सोडलं. "तुमच्या त्या खटाऱ्यापायी माझी नोकरी जाईल बाबा! मग कळेल!" बोलून गेले. ते म्हणाले, "थोडे दिवस दम धर. मग तू म्हणशील तसं."

थोडे दिवस म्हणे. मॅडमना कोण सांगणार!

११ मार्च

आज ठिपका दोनदा गेला. मॅडमनी काही म्हटलं नाही. नुसतं "नोंद केली आहे" असं लिहून पाठवलं.

१२ मार्च, बुधवार

पहाटे दारावर टकटक. घाबरून उठले, म्हटलं पडले की काय. बाबा दूध घेऊन उभे! बाहेर काळोख, हातात कोमट दुधाचा पेला, त्यावर बशी. "ऊठ चिमणे. सकाळचं डोक्यात राहतं."

चिमणे! कित्येक वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. परवा मी ओरडले म्हणून समजूत काढत असतील. मला दूध आवडत नाही, त्यांना माहीत आहे. निदान माहीत होतं. तरी प्यायले सगळं. मग झोप लागेना, सहाला कामाला बसले आणि दुपारपर्यंत चक्क सगळे दावे हातावेगळे झाले. सकाळचं डोक्यात राहतं खरं.

तीनला टिक गेली.

वाईट याचं वाटतं की बाबांशी मी दिवसभरात धड बोलतच नाही. टिक करायला त्यांच्या खोलीत जाते, टिक करते आणि येते. ते मान वर करून बघतात. काहीतरी विचारायचं असतं त्यांना. मला वेळ नसतो.

१३ मार्च, गुरुवार

उद्या शेवटचा दिवस. कंटाळा आलाय. मशीनचा, ठिपक्याचा, माझ्या आवाजाचासुद्धा. दादाचा फोन येऊन गेला. बाग तशीच आहे, एक खोली रिकामी आहे, म्हणाला. या वेळी मी नाही म्हटलं नाही. "बघू" म्हटलं. फोन ठेवल्यावर हात धुतले, का कोण जाणे.

१४ मार्च, शुक्रवार

तीन वाजता ठिपका करडा झाला आणि मी तशीच धावत गेले. बाबा कॉम्प्युटरसमोर, चष्मा नाकावर, माउसवर हात. चौकोनातली टिक नुकतीच गेलेली. काखेत कळसा!

"बाबा, तुम्ही?"

दचकले नाहीत. लपवलंही नाही. "रागावू नकोस चिमणे. एवढी दहावी होऊ दे. शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी चालू करून देतो. दादाच्या वेळीही असंच केलं होतं, विचार त्याला."

दहावीच्या मार्चमध्ये बाबांनी खरंच महिनाभर माझं नेट बंद ठेवलं होतं. टीव्हीचा आवाजही. पेन्सिलींना टोकं काढायचे, पहाटे दूध आणायचे. मी किती भांडले होते तेव्हा! आणि या बारा दिवसांत हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा झालं आणि मी मशीनला नावं ठेवत बसले. तिथेच उभी राहून रडले. "अवघड वाटतंय का काही?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं.

मॅडमना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "डबा बसला की कळवा. घरूनच करा." डॉक्टरांनाही उद्या खरं सांगायचं. दादालाही सांगेन – खोली नको.

बाबा खाली फेरी मारायला गेले तेवढ्यात वायरवाल्याने बाहेरून वेगळी लाइन आणून डबा माझ्या खोलीत, कपाटामागे बसवला. जुनी वायर आणि बाबांचा कॉम्प्युटर तसाच राहू दिला. रोज दुपारी त्यांना ती टिक काढता आली पाहिजे.

ठिपका हिरवा आहे. दार उघडं ठेवून, हातात सापडलं ते जाड पुस्तक धरून बसले आहे. बाबा आत्ता दारातून डोकावून गेले. खूश दिसले.