डोईची माती

माले, पौषातला सोमवार, १९८१

प्रिय जयसिंग,

सुरवातीला प्रिय लिहायचं असतं असं प्रौढ वर्गाच्या बाईनं शिकवलं, म्हणून लिहिलं. तू त्या लायकीचा हायेस का ते शेवटी बघू. अक्षर वाकडंतिकडं हाय, पण माझंच हाय. दुसऱ्याकडनं लिहून घ्यावं असा हा मजकूर न्हाई.

तुझ्या बापाचा, म्हंजे माझ्या लेकाचा, गुडघा दुखतोय आणि तो नेहमीसारखा कुरकुरतोय. म्हैस व्याली, रेडी झाली. शेजारच्या बहिरूनं पुन्हा बांध कोरला, तर त्याला मी भर रस्त्यात उभा करून असा झापला की चार दिवस हिकडं फिरकला न्हाई. म्हंजे घरचं सगळं ठीक हाय.

आता मातीचं. टेकाडाच्या पोटातली आपली डोईची माती तुझ्यामुळं गावाबाहेर चालली. तुमच्या पिंपरीच्या कारखान्यात सांडलेल्या तेलावर कसलीशी भुकटी टाकतात, ती तेल पिऊन घेते, हे बघून तू साहेबाला म्हणालास, असली माती आमच्या गावात बाया डोकं धुवायला वापरतात. झालं. पुण्याचा ठेकेदार आला. ढेकूळ जिभेला लावलं, ते चिकटून बसलं तसा हसला. खायचं तेल ह्या मातीतनं गाळलं की काळ्याचं पिवळं होतं म्हणाला. आमाला त्याचं काय नवल? लुगड्यावरचा तुपाचा डाग, पिकलेलं गळू, शेळ्यांखालची ओल, धनगराची घोंगडी, सगळ्याला आमी तीच लावत आलो. ती काय पीत न्हाई ते विचारावं.

त्या खाणीवर तुला मुकादम करणार म्हणं. माणसं आत न्यायचं काम. तू व्हय म्हणालास का, ते मला कुणी सांगत न्हाई.

आमच्या वेळी तिथं बायाच जायच्या. खाली काळा दगड, वर काळा दगड, मधी मातीचा पट्टा, रांगतच शिरायचं. आत तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. खुरपं दगडावर एकदा वाजलं की टोपली ओढायची, सारखं वाजलं की बाहेर पळायचं. हे तुला लहानपणी सांगितलं तर तू हसलास, म्हणालास, बायकांनी गप बसावं म्हणून कुणा बाप्यानं काढलेला नियम असंल. खरं कारण तवा सांगितलं न्हाई. पोराला कशाला सांगायचं. आता तुला मिशा आल्या.

माझी थोरली जाऊ रंभाबाई, तोंडानं माझ्याहून फटकळ. एकदा आत तिची टोपली अडकली आणि तिनं वैतागून मला हाक मारली. मी तोंडाशीच बसलेली, हात लांब केला असता तर तिचा पाय लागला असता, पण मला काही ऐकू आलं न्हाई. माती आवाज पण पिते. बाहेर येऊन तिनं मला बहिरी म्हणून शिव्या घातल्या. त्याच आठवड्यात मी न्हायला बसले आणि तिथलं ढेकूळ पाण्यात टाकलं. तू बघितलंयस, ते आधी पाणी ओढतं, मग सूंऽ करतं, बुडबुडे सुटतात आणि उमलून त्याचा गाळ होतो. त्या बुडबुड्यांतनं रंभाबाईचा आवाज आला.

"तुळजे."

तसाच वैतागलेला. आणि रंभाबाई तर माझ्यासमोर चुलीपाशी भाकरी थापत होती, तोंड मिटून. तिनं पण ऐकलं. भाकरी तव्यावर जळाली, तिनं उलटली न्हाई. मी ओ देणार, तेवढ्यात सासूनं माझ्या तोंडावर हात दाबला.

पुढच्या खेपेला खाणीचं छत रंभाबाईवर बसलं. बाकीच्या बायांना खरचटलं पण न्हाई. तेराव्यानंतर सासूनं सांगितलं. आत मारलेली हाक माती ठेवून घेते आणि पाण्यात पडली की सोडते. कुणी ओ दिली तर ओ देणारं जातं. न्हाई दिली तर हाक मारणारं जातं. दोन सुनांतली एक सासूनं ठेवून घेतली. मी तिचे पाय धरले न्हाईत आणि तिला बोल पण लावला न्हाई.

आता रस्त्याकडंला ठेकेदाराच्या मातीचा ढीग पडलाय. काल सकाळी त्यातलं एक ढेकूळ आणून मी न्हायला बसले. ते उमललं आणि आतनं कुणी म्हणालं, "आज्जे."

तुझा आवाज. लहानपणीचा न्हवं, आत्ताचा, बिडीनं खरबरीत झालेला. म्हंजे तू येऊन गेलास. साहेबाला खाण दाखवलीस आणि चार पावलांवरच्या घरी पाणी प्यायला पण आला न्हाईस, मेल्या. आत बत्ती विझली असंल. भ्यालास, आणि एवढा बाप्या होऊन आजीला हाक मारलीस.

मी ओ दिली. तोंडावर हात ठेवायला सासू न्हवती, असती तर तिच्या बोटाला चावले असते. ओरडून दिली, म्हंजे मातीला पुन्हा विचारायला नको. तवापासून कितीबी पाणी प्याले तरी जीभ टाळूला चिकटतीया, आणि पाय आपसूक टेकाडाकडं वळत्यात. पत्र टपालात पडेपर्यंत त्यांना थोपवून धरते. म्हणून हे लिहिलं. मुकादमी घेऊ नको. मला काढायला आत शिरू नको. मी आत गप पडून राहीन, जल्मात पहिल्यांदा. पण शेवटाला तुझं नाव तोंडातनं निसटलं, आणि पुढं कधी तुझ्या कारखान्यात आपल्या मातीच्या भुकटीवर पाणी पडून मी तुला हाक मारली, तर ओ देऊ नको. मी तर गेलेलीच असंन, माझं आणखी काय जायचंय.

वरचं प्रिय राहू दे, खोडत न्हाई.

तुला ओ दिलेली,
तुझी आजी तुळजाबाई