कॅमेऱ्याचं तोंड

५ जानेवारी
चि. इंजिनीअरीणबाईस मावशीचे आशीर्वाद.
फोन केला नाही, कारण तुझे काका पेपराआडून सगळं ऐकतात. तू आमच्या इमारतीत कॅमेरा बसवलास ना, त्याचं तोंड तळमजल्यावरच्या नर्सबाईंच्या दाराकडे फिरवायचं ठरलंय. सोसायटीच्या कमिटीचे अध्यक्ष तुझे काकाच. बाई मुसलमान, त्यांच्याकडे कोण येतं-जातं ते दिसायला हवं म्हणतात. बाई गुणी आहेत गं. यांचं ब्लडप्रेशर त्याच घरी येऊन बघतात. हे तोंडभर आभार मानतात आणि त्या गेल्या की कडी नीट लागली का बघतात. कधी येतेस?
वाट बघणारी, मावशी

९ जानेवारी
ती. मावशीस सा. न.
गाड्यांतलं पेट्रोल चोरीला गेलं ते फाटकापाशी, म्हणून कॅमेरा फाटकाकडे आहे. दाराकडे वळवला तर फाटक दिसणार नाही. त्या दारातून आजवर कुणाला काय त्रास झाला, तेवढं काकांना विचारून कळव. कारण कळल्याशिवाय मी शिडी चढत नाही. रागावलीस तरी अर्धंच रागाव.
तुझी भाची

१४ जानेवारी
चि. हट्टी मुलीस अ. उ. आ.
विचारलं. काहीच त्रास नाही म्हणाले. मग भीती कशाची, तर मोबाइलवर रोज काय काय येतं त्याची. मलाही येतं गं. ते वाचलं की बाईंचा चेहरा क्षणभर निराळाच दिसतो, मग माझीच मला लाज वाटते.
आता गंमत ऐक. कमिटीनं बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बरंच झालं, लवकर फिरवा. माझ्या नावाची पाटी कुणीतरी सारखी उखडून नेतं, तो तरी सापडेल. झालं! सगळ्यांनी काढता पाय घेतला. आता तुझे काकाच म्हणतात, राहू दे, कशाला उगाच खटाटोप. पाटीचं विचारलं तर नजर चुकवतात. तू येऊ नकोस. की येतेस?
गोंधळलेली, मावशी

१८ जानेवारी
ती. मावशीस सा. न.
रविवारी येते. कॅमेरा तोच, दार तेच, तरी हो म्हणणारे नको म्हणू लागले. हे गणित मला सुटत नाही. नर्सबाई अजून हो म्हणत असतील तर फिरवीन. दार त्यांचं आहे. काका मला आवडतात. त्याचं काय करायचं, तेही कळत नाही.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

२१ जानेवारी
चि. भाचीस आशीर्वाद.
बाईंना विचारून आले. हो म्हणाल्या. तसं यांना सांगितलं. आज सकाळी बघते तर हे हातोडी घेऊन त्यांच्या दाराशी, नवी पाटी स्वतः ठोकताहेत. बाईंनी पाणी दिलं, हे प्यायले. मी खूश व्हावं की घाबरावं? तू मात्र ठरल्याप्रमाणे ये.
तुझीच, मावशी