शाफ्टचा जॉइंट

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४. संध्याकाळ.

आज दवाखान्यात दत्तूअण्णांना भेटलो. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापलाय. गेल्या आठवड्यात त्यांनी जुनी डिझेल जीप माझ्या गॅरेजात आणली होती. म्हणाले, "मिस्त्री, पळवली की सगळी गाडी थरथरतिया." मी इंजिनाखालची फाटकी रबरं बदलली, थरथर थोडी कमी झाली. गाडीखाली झोपून चाकं फिरवणाऱ्या लांब शाफ्टचा जॉइंट हलवून बघायचं, दोन मिनिटांचं काम. का नाही केलं? दुसऱ्या दिवशी घाटात तोच जॉइंट तुटला, शाफ्टनं ब्रेकचा पाइप तोडला आणि जीप कठड्यावर आदळली.

अण्णांनी माझा हात धरून विचारलं, "तुम्ही खालनं बघितलं हुतं न्हवं?"

"व्हय अण्णा, बघितलं हुतं."

"मग माझंच नशीब," ते म्हणाले.

अण्णांच्या उशाशी बसलेल्या वहिनींनी चहा दिला. मी तो प्यालो.