सूर्यास्ताआधीची ऑडिट कमिटी

३ नोव्हेंबर, सोमवार

भाग्यश्री येऊन गेली. जिनेशच्या फाउंड्रीत अंतर्गत ऑडिट बघते ती. चहासुद्धा घेतला नाही, तक्रारीचं पत्र ठेवलं समोर. भंगार लोखंड सगळं जिनेशच्या जावयाकडूनच घेतात, तेही बाजारापेक्षा बरंच महाग. कमिटीला कधी विचारलंच नाही! ऑडिट कमिटीची अध्यक्ष मी, आणि मलाच पत्ता नाही.

"बाई, माझं नाव निघालं तर संपलं बघा. घरात कमावती मी एकटीच हाय."

शब्द दिला. नाव माझ्या तोंडून जाणार नाही.

ती आणि चेअरमन जिनेश, दोघंही माझेच विद्यार्थी. दोघांना ऑडिट मीच शिकवलं. काय शिकवलं कोण जाणे.

७ नोव्हेंबर

भंगाराचा मुद्दा कमिटीच्या बैठकीत घ्या म्हणून कंपनीला कळवलं. घेतला — सगळ्यात शेवटी!

१० नोव्हेंबर

बैठक शाहूपुरीत, जिनेशच्या घरी. चारची पाचला सुरू. जिनेश कमिटीत नाही, तरी मधली खुर्ची त्याचीच. वाकून नमस्कार केला मला. मी आशीर्वादही दिला, सवयीनं! विजयसिंह वकील एकेका ओळीवर रेंगाळत होते. तेही माझ्यासारखेच 'स्वतंत्र' संचालक — रोज सकाळी जिनेशबरोबर रंकाळ्यावर फिरतात.

शेवटचा मुद्दा आला तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. जिनेश उठलाच.

"बाई, दिवस बुडायच्या आत जेवायचं हाय की. पानं वाढल्यात."

जैन घर. सूर्यास्तानंतर अन्न नाही. दर बैठकीला हेच — अडचणीचं सगळं शेवटी, आणि मग पंगत! कुणाच्या धर्माच्या आड कसं यायचं? आज आले. म्हटलं, तुम्ही जेवून या, मी इथंच बसते. आणि पत्रातले जावयाचे भाव, तारखा, सगळं बोलून दाखवलं.

विजयसिंह पुटपुटले, "उगं कशाला ताणताय बाई?"

जिनेश मात्र हसला. "बरं. चौकशी लावू की."

जिंकले असं वाटलं. मग पंगतीला बसले आणि पोटभर जेवले. आता लाज वाटते.

११ नोव्हेंबर

बैठकीच्या इतिवृत्ताचा मसुदा आला. चौकशी आहे — पण भंगाराची नव्हे. 'कंपनीची माहिती कोणी फोडली' याची! आणि चौकशी करणार कोण? भाग्यश्री!

भाव मी बोलून दाखवायला नको होते, ते आतल्या माणसालाच ठाऊक असणार. तिथंच चुकलं माझं.

जिनेशला फोन केला. "तुम्हीच चौकशी मागितली की, बाई. आन् भाग्यश्रीवर तुमचाबी इश्वास हाय न्हवं?"

त्याला ठाऊक आहे का? काही कळत नाही. भीती वाटते.

१३ नोव्हेंबर

भाग्यश्री फोन उचलत नाही.

१७ नोव्हेंबर

राजीनामा लिहिला. फाडला. मी गेले तर विजयसिंह अध्यक्ष, मग भाग्यश्रीच्या बाजूनं कोण? पण राहून तरी काय करतेय! आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय — वर्गात हसत हसत सांगायचे मी ही म्हण. पोरंही हसायची.

२४ नोव्हेंबर

भाग्यश्रीचा अहवाल आला. माहिती फोडली म्हणे आकारामनं — स्टोअरमधला कंत्राटी माणूस. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही. 'कामावरून कमी करावे.' खाली तिची सही.

आकारामला वाचवायला खरं सांगायचं, तर तिचं नाव घ्यावं लागेल.

तिच्या सहीशेजारी मी सही केली.