आई पोचल्या, रिक्षा अडकली

आदरणीय दादा,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा कोपरापासून नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींचं गुडघ्याचं औषध चालू असेलच. आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे तब्येतीने बरे आहेत; बाकीचं खाली येतंच आहे. परवा फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत की आई नीट पोचली का. मी 'हो' म्हणालो, मग 'म्हणजे' म्हणालो, तेव्हा तुम्ही म्हणालात मुद्द्यावर या, आणि मला मुद्दाच सापडेना. म्हणून पत्र लिहायला बसलो. (तुमच्या बहिणीचं म्हणणं, पत्रातही सापडणार नाही.)

तर झालं असं की, रिक्षांमुळे रस्ते तुंबतात आणि कोण कुणाला कुठे घेऊन चाललंय याचा पत्ता लागत नाही, म्हणून आमच्या शहरात नवे नियम आले. शहराचे दोन भाग केले, निळा आणि पिवळा. निळ्या पट्ट्याच्या रिक्षाने निळ्यात फिरायचं, पिवळीने पिवळ्यात. हद्दीवर प्रवाशाने उतरायचं, सामान उचलायचं, रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या रंगात बसायचं. यामुळे रस्ते मोकळे झाले, फक्त हद्दीवरचा चौक सोडून, कारण आता सगळं शहर तिथेच चढउतार करतं. माझी रिक्षा निळी निघाली आणि घर पिवळ्यात. म्हणजे लोकांना घरी सोडायचं आणि आपण चालत घरी जायचं. (रिक्षांच्या कार्यालयात विचारलं तर एक साहेब म्हणाले रंग बदलून घ्या, दुसरे म्हणाले घर बदला, आणि बाहेर बसलेला शिपाई म्हणाला दोघांचंही ऐकू नका.) शिवाय सुरक्षेसाठी माझ्या आणि प्रवाशाच्या मध्ये जाळी बसवली आणि मागे एक लाल बटण दिलं. ते दाबलं की भोंगा वाजतो, आणि तो बंद करायची चावी फक्त कार्यालयात असते.

आईंना आणायला मी बसस्टँडवर वेळेत गेलो होतो. (उशीर बसला झाला, मला बसपेक्षा जरा जास्त झाला, एवढंच.) त्या ट्रंकेवर बसल्या होत्या, शेजारी शिवणयंत्र, सुतळीने आवळून बांधलेलं. चार दिवसांसाठी आलेलं माणूस शिवणयंत्र का आणेल, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं, पण ते मागे चढवता चढवता माझा दम गेला. वाटेत त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं उशिराचा राग असेल, म्हणून मीही जाळीतून काही बोललो नाही.

चौकात मिशीवाल्या हवालदारांनी हात केला. मी म्हटलं, साहेब, ही सवारी नाही, सासू आहे. ते विचारात पडले. सासू प्रवासी नाही हे त्यांना पटलं, पण मग रिक्षा ही रिक्षा आहे की नाही, यावर घोडं अडलं. तोवर माझं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यापलीकडे गेलेलं. त्यांनी वाकून पाहिलं. दोन चाकं निळ्यात, एक पिवळ्यात, तेव्हा बहुमताने रिक्षा निळ्यातच. पण मी बसतो पुढे, म्हणजे मी पिवळ्यात आणि सासूबाई निळ्यात. आता नियम मी मोडला, रिक्षाने मोडला की कुणीच नाही, हे विचारायला त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. मागे हॉर्न सुरू झाले. आणि तेवढ्यात भोंगा वाजायला लागला. मला वाटलं, बसमध्ये घंटी मारतात तसं आईंनी चुकून बटण दाबलं.

चावीवाले साहेब चालत आले, कारण कार्यालय निळ्यात आणि त्यांची रिक्षा पिवळी. तोवर आई उतरून रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. साहेब म्हणाले, बटण दाबणाऱ्याने कारण सांगितल्याशिवाय चावी फिरवता येत नाही. त्यांनी आईंना विचारलं, "तुम्हाला मनाविरुद्ध नेत होते का?"

मी हसलो. आई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हो."

सगळा चौक माझ्याकडे बघायला लागला. मग त्या म्हणाल्या, "यांनी नाही. माझ्या मुलाने. ट्रंक त्याने भरली, मशीन त्याने बांधलं, बसमध्ये त्याने बसवलं. मी जाते असं म्हणालेच नव्हते. मला कुणी विचारलंच नाही."

दादा, भोंगा चालू होता, त्यामुळे त्यांना हे मोठ्याने सांगावं लागलं. एरवी इतक्या लोकांना ऐकू गेलं नसतं.

चावीवाले साहेब गोंधळले. त्यांच्या हातातल्या तक्रारीच्या यंत्रात तक्रार फक्त रिक्षावाल्यावर घेता येते, मुलाची सोय नाही. हवालदारांनी तोडगा काढला की मुलगा हजर नाही तोवर जावई चालवून घ्या. असा मी तुमच्या जागी लागलो. रिक्षा आता कार्यालयाच्या आवारात आहे, आणि तक्रार फक्त आईच मागे घेऊ शकतात. त्या दिवशी मी ट्रंक आणि हवालदारांनी शिवणयंत्र उचललं आणि आम्ही चालत घरी आलो. आई पुढे होत्या. रस्ता त्यांना माहीत नव्हता, पण थांबवायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही, म्हणून सगळेच चुकलो.

घरी तुमची बहीण सगळं ऐकून माझ्याशी बोलेना. (मी काय केलं, हे अजून कळलेलं नाही.) तिने आईंचं अंथरूण खिडकीपाशी घातलं आणि बराच वेळ त्यांचे पाय दाबत बसली. आता आई शेजाऱ्यांचे पडदे शिवतात आणि मी सुईत दोरा ओवून देतो. काही गैरसमज नसावा. तुमच्या नव्या घराच्या कामात तुमचीही धांदल झाली असेल. आई इथे कितीही दिवस राहिल्या तरी आम्हाला आनंदच आहे.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. – तेवढं एकदा येऊन जा. रिक्षासाठी म्हणत नाही. म्हणजे रिक्षासाठीही म्हणतो.

ता. क. – तुमच्या बहिणीने पत्र वाचलं. 'कितीही दिवस' खोडून 'कायम' लिही म्हणते, आणि त्यावरून दादाने सुटलो असं समजू नये, हेही लिही म्हणते. दोन्ही एकदम कसं लिहायचं ते मला कळेना, म्हणून वरचं तसंच ठेवलं आहे.

ता. क. – आज सकाळी मीच धीर करून विचारलं, आई, तुम्हाला इथे राहायचंय की तिकडे जायचंय? त्यांनी मशीन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. आता त्याला विचारू दे."